सरासरीचा जांभळा

संगणकाच्या पडद्यावरचा जांभळा रंग खरा ठरला, तर वृंदाला दिल्लीत कायमची नोकरी, सरकारी घर आणि तिथे पुण्याहून येणारा नवरा, असं सगळं मिळणार होतं. केसाएवढ्या काचनळीत लाल आणि निळं पाणी आपोआप मिसळतं, एवढंच दाखवायचं होतं. पण संगणक आकडेमोडीसाठी नळीचे जे चौकोन पाडतो, ते बारीक केल्यावर कळलं, मिसळत काहीच नव्हतं. मोठ्या चौकोनांनी सरासरी काढून जांभळा रंगवला होता. "पुराना वाला लगा दो, कौन देखता है!" साहेब हसले. तिनं खऱ्या नळीत शाई सोडली. लाल, निळी शेजारीशेजारी, अनोळखीच बाहेर आली. खरं तेच कळवलं आणि नवऱ्याला, अंशुमनला, फोन लावला. "नोकरी गेली रे. तू तर राजीनामा दिलायस!" "अगं, दिलाच नव्हता," तो चटकन म्हणाला, "बरंच झालं!" चुकला संगणक, सुटला अंशुमन, भुर्दंड एकट्या वृंदाला पडला.