अजून एकदा

"ॲक्शन!" ऐकू आलं आणि अबोली मेलेल्या बापाच्या छातीवर कोसळली. मालिकेसाठी भाड्याने घेतलेला मुलुंडचा तो बंगला माणसांनी भरलेला होता. मेकअपवाली शेवंती डोळे पुसत बाहेरच निघून गेली.

"झकास!" दिग्दर्शक निलेश ओरडला. "ग्लिसरिन नाही, काही नाही! आणि ही म्हणते ॲक्टिंग शिकायला जाऊ का! तीन वर्षं घासून बाहेर पडशील ना, तेव्हा या रडण्यातला जीव गेलेला असेल बघ. राहा इथेच. तुझा रोल वाढवतो मी."

परगावच्या नाट्यशाळेत अबोलीची निवड झाली होती. येणार की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. गेली तर ही मालिका हातची जाणार. आणि निलेशसर म्हणतात ते तिला खोटंही वाटत नव्हतं. न शिकताच येतंय, तर शिकायचं कशाला?

रडायची तिची युक्ती साधी होती. डोळे मिटायचे आणि इस्पितळातली ती दुपार आठवायची. खाटेवर बाबा. त्यांच्या मुठीत तिचं बोट. त्यांचे ओठ हलतायत म्हणून ती कान जवळ नेते. एवढं आठवलं की पुढचं आपोआप व्हायचं. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"क्लोजअप घेऊ या. अजून एकदा!"

ती पुन्हा इस्पितळात गेली. मग विमानाचा आवाज आला म्हणून गेली. मग मागे उभ्या बाईला शिंक आली म्हणून. दर वेळी खाटेपाशी जायचं, बाबांच्या मुठीत बोट द्यायचं, रडून परत यायचं.

दुपार कलली आणि ती पुन्हा गेली, तेव्हा खाट होती, सलाइन होतं; पण उशीवर बाबा नव्हते. तिथे सहदेवकाकांचा चेहरा होता, नाकात कापूस घातलेला.

"कट! काय झालं गं? द्या रे हिला ग्लिसरिन."

सहदेवकाका उठून बसले. मालिकेतल्या बापाचं प्रेत तेच झाले होते. ब्रेकमध्ये दोघं चहा घेऊन मागच्या पायरीवर बसले.

"काका, तुम्ही रीतसर शिकलात ना? काय उपयोग झाला हो?"

"बघतेयस ना. सकाळपासून मेलोय."

अबोली हसली नाही. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. युक्ती, इस्पितळ, उशीवरचा चेहरा. ऐकता ऐकता त्यांचा चहा हातातच राहिला.

"प्रत्येक टेकला त्यांना आणलंस?"

तिने मान डोलावली.

"शाळेने मला काम नाही दिलं, पोरी. खोटं कशाला बोलू? पण आमच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, ताजी जखम रंगमंचावर आणायची नाही. आठवणीवर नाही, श्वासावर रडायला शिकवलं त्यांनी. माझी आई गेली त्याच आठवड्यात माझा मरणाचा सीन होता. लोक ढसाढसा रडले. आईला मात्र मी घरीच ठेवून आलो होतो."

"आणि माझे बाबा? परत दिसतील ना?"

आतून कोणीतरी हाक मारली, शॉटची तयारी झाली होती. सहदेवकाकांनी कप खाली ठेवला, नाकात कापूस घातला आणि ते आत जाऊन पडले.

अबोली ग्लिसरिन घालून रडली. निलेशला तेही चाललं. निघताना तिने फाटकापाशी उभं राहून नाट्यशाळेला फोन केला. "मी येतेय." मग आत जाऊन निलेशलाही सांगून टाकलं. "वाट लावून घेतेयस स्वतःची," एवढंच तो म्हणाला.

नाहूरला ती घरी पोचली तेव्हा आई, वनमाला, मेथी निवडत बसली होती. अबोली चप्पल न काढताच तिच्यासमोर बसली. तिने डोळे मिटून पाहिलं, उशीवर अजून सहदेवकाकाच होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते; तिने डोळे उघडले.

"आई, बाबा शेवटी काय म्हणाले होते गं?"

वनमालाचे हात थांबले.

"मला काय विचारतेस? तूच होतीस ना जवळ. मी खाली औषधं आणायला गेलेले." तिने मेथीची जुडी बाजूला सारली आणि पोरीच्या जवळ सरकली. "कधीपासून तुला विचारायचं होतं, धीरच होत नव्हता. काय म्हणाले गो ते?"