कपाळावरचा रुपया

भालकीच्या शाळेत दाखवायला मी नाण्याचा नवा खेळ बसवत होतो. समोरच्याच्या कपाळावर रुपया दाबायचा आणि हळूच काढून मुठीत लपवायचा. त्याला तो तिथंच चिकटलाय असं वाटत राहतं.

सरावासाठी मी भाकरी थापणाऱ्या बायकोच्या कपाळावर रुपया दाबला.

मनीषा चिडली. "कामून करायलाव असलं? मड्याच्या कपाळाला लावतेत रुपया."

मी तो मुठीत घेतला. "आता डोकं हलवून पाड. असं." मी मान हलवून दाखवली.

फरशीवर खण्णकन रुपया पडला.

माझा तर मुठीतच होता. हिनंच दुसरा लपवला असणार. पण तिचे दोन्ही हात पिठात होते, आणि डोकं तिनं हलवलंच नव्हतं.

ती माझ्या कपाळाकडं बघत होती.

"तुमाला कुनी लावला वो?"