अज्ञात सायकलस्वार

सिरीलने आपली काळी सायकल घरासमोरच्या विजेच्या खांबाला टेकवली आणि ढकलगाडीतून आणलेला न फुटलेला तोफगोळा उचलून तिच्या पुढच्या चाकाशी नीट आडवा ठेवला. सकाळीच बीटाच्या शेतात सापडला होता. मग दहा पावलं मागे सरकून म्हातारा हात झटकत उभा राहिला.

तेवढ्यात मार्लेन आलीच. गेंट शहरातून बापाची सायकल जप्त करायला आलेली ही पंचावन्न वर्षांची लेक. घरापाशी जुन्या रेल्वेचे रूळ काढून सायकलवाट केलेली, तिच्यावर मोटारीला बंदी. म्हणून गाडी लांब ठेवून चिखल तुडवत आलेली, आणि त्यामुळे आणखीच तापलेली.

"बाबा, ती सायकल तिथून काढा."

"मी कशाला काढू? तोफगोळ्याजवळ जायचं नाही. आता ते काम लष्कराचं."

"तुम्हीच ठेवलात ना तो!"

"मग कुठे ठेवायचा? सापडला की खांबाशी ठेवायचा, फोन करायचा आणि नंतर कोणी फिरकायचं नाही. कोणी शिकवलं तुला हे?"

सहा वर्षांची असताना मार्लेनने असाच एक गंजका गोळा बाहुलीसारखा उचलून घरात आणला होता. तेव्हा बापाने दिलेली थप्पड तिला अजून आठवते. शंभर वर्षांपूर्वी पहिल्या महायुद्धाची आघाडी इथूनच गेली, आणि जमीन अजून नांगराबरोबर लोखंड ओकते. या भागात एक वेळ चर्च चुकेल, पण हा नियम चुकत नाही.

खरं तर चूक लेकीचीही नव्हती. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस एका वर्षात दोनदा सायकलीसकट वाटेकडेच्या कालव्यात पडला, तर कोणती मुलगी झोपेल? पण सायकल गेली की डिक्समाउडे गाव गेलं, तिथला दोस्त जेरोम गेला, त्याच्याबरोबरचे पत्ते आणि बियर गेली. मग सिरील म्हणजे खिडकीतली कुंडी. म्हणून त्याने ही युक्ती काढली होती. संध्याकाळी मार्लेन गेंटला परतली, की सायकल जेरोमच्या कोठारात!

मार्लेनने लष्कराला फोन लावला. आठवड्याभरात येतो, तोवर दोर बांधा, म्हणाले. तिने परसातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली, चार काठ्या रोवल्या आणि सायकलभोवती लांबून कुंपण केलं.

"मग मीही आठवडाभर राहते," ती गोड आवाजात म्हणाली.

घ्या! म्हाताऱ्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. लेकीसमोर नियम मोडायची सोय नाही, आणि लेक खिडकीतून हलत नाही.

दुसऱ्या दिवशी सायकलवाले पाहुणे थांबू लागले. युद्धाच्या खुणा बघायला या वाटेवर येणारी माणसं मुळात दबक्या आवाजातच बोलतात. ऐकू येते ती साखळीची कुरकुर आणि पाखरं. त्यांनी काय पाहिलं? जुनी काळी सायकल, चाकाशी गंजका तोफगोळा, भोवती दोर. एका बाईने दोरीला, युद्धात पडलेल्यांसाठी वाहतात तसं, कागदी लाल फूल लावलं. लावलं कशाने, तर मार्लेनच्या कपड्यांच्या चिमट्याने. तिसऱ्या दिवशी वीस फुलं, एक पुष्पचक्र आणि कोणीतरी सुबक अक्षरात लिहिलेला पुठ्ठा: 'अज्ञात सायकलस्वारास'.

"अज्ञात कसला? अख्खं गाव ओळखतं मला!" सिरील खिडकीत करवादला. "आणि साखळी गंजतेय माझी."

"मग जा ना, सांगा त्यांना." मार्लेन कॉफी ढवळत हसत होती.

गुरुवारी लष्कराचा सार्जंट आला. गोळा उचलून त्याने वाळूच्या पेटीत ठेवला.

"ही सायकल कोणाची?"

"माझी," सिरील म्हणाला.

"मी नेणार आहे ती," मार्लेन म्हणाली.

"तुमचं तुम्ही बघा. आम्ही फक्त फुटणारं नेतो," असं म्हणून सार्जंट निघून गेला.

दोघं एकदमच दोरीकडे धावली, आणि जागच्या जागी थबकली. इंग्रजांचा एक जथा येऊन सायकलींवरून उतरला होता. सगळ्यांनी शिरस्त्राणं काढली, माना खाली घातल्या. वाऱ्याने दोरीवरची फुलं तेवढी हलत होती. त्यांतल्या एका म्हातारीने डोळे पुसले आणि मार्लेनच्या हातावर हात ठेवून हळूच विचारलं, "तुमच्या घरातलं माणूस होतं का हो?"

मार्लेन 'नाही' म्हणायला वळली, तर शेजारी बाप उभा. सगळे उभे आहेत म्हणून त्यानेही टोपी काढली होती. स्वतःच्याच सायकलीपुढे, मान खाली घालून, डोक्यावरचे चार पांढरे केस वाऱ्यावर सोडून. मार्लेनला एकदम पुढचं दिसलं. अशीच सायकल खांबाला टेकलेली, अशीच फुलं, आणि बाबा नाहीत. तो दिवस काही लांब नव्हता. आणि ती आजपासूनच त्याची तयारी करायला निघाली होती.

"हो, घरातलंच," ती म्हणाली. "माझे वडील. हे काय, इथेच उभे आहेत."

तिने चिमटे भराभरा काढले, दोरी खाली पाडली आणि सायकल बापाच्या हातात दिली.

"चढा, बाबा. आणि पडलात तर जेरोमला नाही, मला फोन करायचा."

सिरीलने टोपी डोक्यावर दाबली, टांग टाकली, एकदा कालव्याच्या बाजूला भयंकर झुकला आणि सावरला. इंग्रज मंडळी शिरस्त्राणं हातात धरून आ वासून बघत राहिली: ज्याला आत्ता श्रद्धांजली वाहिली, तो हुतात्मा घंटी वाजवत डिक्समाउडेला पत्ते खेळायला निघाला होता.