रेकॉर्डिंग

“आता हे मेलं काय म्हणतंय? अपेक्षित चिन्ह सापडलं नाही म्हणे. कुठलं चिन्ह? कोणाला अपेक्षित?”

कंपनीच्या सभागृहातल्या स्पीकरमधून हे ऐकू आलं आणि प्रेक्षकांत बसलेल्या धाकटीने चमकून वर पाहिलं. आवाज तिचाच होता.

मंचावर तिचा दादा उभा होता. मागच्या पडद्यावर प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरचा जुना, कोणाच्या बापालाही कळणार नाही असा संदेश. प्रोग्राममध्ये चूक झाली की यंत्र काय सांगतंय ते माणसाला समजावं, म्हणून ते संदेश नव्याने लिहायचं काम दादाने अंगावर घेतलं होतं. त्यासाठी त्याला चुकणारं माणूस हवं होतं. धाकटी दादाच्याच कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायची आणि घरी गुपचूप प्रोग्रामिंग शिकायची. दादा तिच्यापुढे मोबाइल ठेवायचा. “मनात येईल ते मोठ्याने बोल, छोटे. माझ्याशिवाय कोणी ऐकणार नाही.” ती बोलायची, शिव्या घालायची. एकदा तर रडलीही होती.

पडद्यावर नवा संदेश उमटला. ‘चौथ्या ओळीत कंस उघडला आहे, पण बंद केलेला नाही. इथे बंद करायचा होता का?’

“चुकणाऱ्याला आपण मठ्ठ आहोत असं वाटता कामा नये,” दादा म्हणाला. “हा आमचा पहिला नियम.” आणि त्याने रडण्याचं रेकॉर्डिंग लावलं.

“मला नाही जमणार रे. माझं डोकंच नाही त्यातलं.”

लोक हसले. दुष्टपणाने नव्हे, पण हसले. दोन-चार माना तिच्याकडे वळल्या. त्यात प्रोग्रामर विभागाच्या मुख्य बाईंचीही होती. त्या विभागातल्या जागेसाठी धाकटीने अर्ज केला होता आणि उद्या बाईच तिची मुलाखत घेणार होत्या.

टाळ्या संपल्यावर बाई तिच्याजवळ आल्या. “मोठी मदत झाली हो तुमची. उद्या मुलाखतीला यायची घाई करू नका. सावकाश शिका, पुढच्या वर्षी बघू.” इतकं गोड बोलल्या की धाकटीला भांडायचीही सोय राहिली नाही.

पाठोपाठ दादा आला, चेहरा नुसता खुललेला. “कसं झालं?”

“सगळ्यांनी ओळखलं मला.”

“अगं, नाव कुठे घेतलं मी तुझं?”

परक्याने केलं असतं तर तिने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली असती. पण हा दादा होता. मांडीवर बसवून तिला अक्षरं शिकवणारा.

तिच्याकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला. “विचारणार होतो गं,” तो हळूच म्हणाला. “पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो,” धाकटी म्हणाली. “विचारतात ते त्यासाठीच.”