नव्या होडीचा मान

बायकोला घरी ठेवून नवी होडी पसंत करायला गुंडूनं आपल्याला बरोबर घेतलं, याचंच अंबूबाईंना केवढं अप्रूप! ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून त्या बसवनगुडीहून घोड्याच्या जटक्यात बसल्या, त्या थेट बेळ्ळंदूरच्या तळ्यावर उतरल्या. दर रविवारी घरच्यांना घेऊन होडीतून फिरायचं, गळ टाकायचे, मासे काठावरच तळून खायचे, असा लेकाचा बेत होता.

होडीवाल्या मल्लाप्पानं दाखवलेल्या पहिल्या होडीत अंबूबाई बसल्या, तशी ती एका अंगाला कलली. गुंडूनं त्यांना हात धरून दुसरीत बसवलं.

"अव्वा, आता स्वल्प कडेला सरक. उभी राहा बघू. भीती नाही ना वाटत?"

"तू असताना कसली रे भीती?" म्हणत त्यांनी पदरानं डोळे टिपले. नवरा गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं.

होडी जराही कलली नाही. गुंडू खूश झाला.



"हीच द्या, मल्लाप्पा. आमच्या सासूबाई अगदी अव्वाच्याच वजनाच्या. दर रविवारी त्यांना न्यायचं, म्हणजे आधी खात्री करून घेतलेली बरी."