राजांची जोडी

कपड्यांच्या ब्रशात खोचलेल्या आपल्या पत्त्यांच्या दोन पानांकडे मिस्त्रींनी एकदा पाहिलं आणि डाव्या हाताने, पैशांऐवजी घेतलेली समोरची सगळी बटणं टेबलाच्या मधोमध सारली. एक काळं बटण घरंगळत कडेला निघालं होतं. तेही त्यांनी बोटाने अडवलं आणि ढिगात टाकलं.

समोर बसलेल्या बाईंनी आपली पानं छातीशी धरली.

खरं तर घाबरायचं काही कारण नव्हतं. पानं उचलल्याबरोबर त्यांना दोन राजे दिसले होते आणि सवयीने त्यांनी चष्मा पुसला होता. टेबलावर दोघांसाठी मिळून उघडलेली तीन पानं म्हणजे नव्वी, पंजी आणि दुर्री. सगळा बारका माल. पोकर शिकवताना चाळीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच बजावलं होतं, "हातात राजांची जोडी आणि खाली अशी चिल्लर पडली, तर पळायचं नाही. समोर कुणीही असो."

अख्खी इमारत त्यांना मिस्त्री म्हणे, आणि शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या त्यांच्या बायकोला बाई. मिस्त्रींचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. ब्रेक तपासल्याशिवाय त्यांनी लिफ्टमध्ये कधी पाय ठेवला नाही, आणि हातात दमदार पान असल्याशिवाय बटण पुढे सरकवलं नाही.

सात आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ थांबलं. डोकं किती शाबूत आहे, ते कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाले, पत्ते खेळा. मुलगा मुद्दाम हरला, सून हरली, व्यायाम घ्यायला येणारी मुलगी तर एक्क्यांची जोडी टाकून हरली. मिस्त्री जिंकायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे.

आज पाच वाजता मुलगा कागद घेऊन येणार होता. काल त्यांच्या खुर्चीशेजारीच उभा राहून, ते तिथे नसल्यासारखं तो म्हणाला होता, "आई, बाबांना कळत असेल तर घरीच ठेवू. नसेल, तर त्या आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत. तुला एकटीला झेपायचं नाही. तूच काय ते सांग."

आता पावणेपाच झाले होते.

मिस्त्रींकडे नव्व्यांची जोडी असली, तर खालची धरून तीन नव्व्या. मग डोकं जागेवर आहे, आणि बाईंना हरण्यात आनंदच होता. पण काहीच नसलं, तर माणूस हातचा गेला. पॅक केलं तर ते बघायची वेळच येणार नव्हती. राजे पालथे ठेवायला बाईंनी हात उचललादेखील.

हात तसाच थांबला. उभ्या नोकरीत एका पोराला फुकटचा मार्क दिला नाही, आणि आता नवऱ्याला द्यायचा?

"बघते मी," बाई म्हणाल्या. त्यांनी आपली बटणं सारली आणि राजे उघडे केले.

मिस्त्रींनी ब्रशातलं एक पान काढून ठेवलं. तिर्री. मग दुसरं. सत्ती. रंगही वेगवेगळे. ज्याच्यावर त्यांनी आयुष्यात एक बटण लावलं नसतं, असा कचरा.

टेबलावर उघडायची उरलेली दोन पानं उघडायचंही बाईंना भान राहिलं नाही. दाराची बेल वाजली. मुलगा वेळेआधीच आला होता. बाई त्या तिर्री-सत्तीकडेच बघत बसल्या.

"राजे... ठाऊक होते," मिस्त्री एकेक शब्द जुळवत म्हणाले. "चांगली पानं आली की... चष्मा पुसतेस."

बाईंनी पानांवरून मान वर केली. "अहो, मग सगळी बटणं कशाला लावलीत?"

मिस्त्रींचा डावा हात अजून ढिगावरच होता. कपाळावर घाम होता. ते घाबरले होते, हे बाईंना आत्ता दिसलं.

"तूसुद्धा मला... जिंकू देतेस का, ते बघायचं होतं," ते म्हणाले. "दिलं असतंस... तर मीच पोराला म्हणालो असतो, ने मला."