हात लावू नये

"याडी, दिल्लीत तरी साडी नेसशीन का?"

वर्षानं एकदाचं विचारून टाकलं. पैजच होती. दिग्रसहून निघताना निकिता आणि खुशीनं तिला डिवचलं होतं, "हिंमत असंन तं विचार तुह्या मायले. अन् साडीतला फोटो पाठव, इंडिया गेटसमोरचा." त्यांच्या घरी आईला माय म्हणतात. वर्षाच्या बंजारा तांड्यात याडी.

रामीबाई लॉजच्या आरशासमोर बसली होती. दोन्ही कानशिलांवरच्या वेण्यांत तिनं चांदीच्या टोपल्या गुंफल्या. त्यांच्याखाली घुंगरांच्या घुगऱ्या सोडल्या. अंगातली आरशांची कांचळी सारखी केली आणि हसली.

"साडीत चालता येत नाही व मले."

तिथूनच वर्षाचं डोकं फिरलं.

दहावीत एक्याण्णव टक्के पडले तर सोयाबीन घरी आल्यावर दिल्ली, असा बाचा शब्द होता. बापानं, पूनमसिंगनं, तो पाळला. वर पायीच फिरायचं असंही ठरवलं. "गाडीतून काय दिसते? धूळ!" इंडिया गेट झालं. तो लांबच लांब रस्ता झाला. राष्ट्रपती भवनाचं फाटक झालं. वर्षा सगळीकडे दहा पावलं पुढे. मागून छुमछुम यायची आणि दिल्लीची माणसं वळून पाहायची. एकानं तर न विचारता रामीबाईचा फोटो काढला आणि वर "थँक्यू आंटी" म्हणाला. रामीबाईनं त्याला हात हलवला! वर्षानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. ही बाई आपल्या ओळखीचीच नाही, असं.

दुपारी ते एका मोठ्या संग्रहालयाच्या रांगेत लागले.

"साऱ्या देशातले लोकं आत हायेत म्हणे," बा खुशीत होता.

दारात यंत्राची चौकट होती. रामीबाईच्या पुढे एक बाई होती, गळ्यात मंगळसूत्र, हातभर बांगड्या. चौकट ओरडली. सिक्युरिटीतल्या मॅडमनं मान हलवून तिला आत सोडलं. मग रामीबाई आली. चौकट पुन्हा ओरडली.

"ये सब उतारिए." मॅडमचं बोट टोपल्यांवर होतं. "ट्रे में रखिए."

रामीबाईनं दोन्ही हात कानशिलांवर दाबले.

घुगरी-टोपली लग्नात केसांत चढते. उतरते ती नवरा गेल्यावर. तांड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. वर्षालाही माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण मागची रांग कुरकुरायला लागली, कुणीतरी "जल्दी करो" म्हणालं, आणि वर्षाच्या तोंडून निघून गेलं,

"काढून टाक ना याडी! दहा मिनिटांनं काय होते?"

रामीबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तुहा बाप समोर उभा हाय, वर्षा."

एवढंच म्हणून ती रांगेबाहेर पडली आणि फुटपाथच्या कठड्यावर उन्हात जाऊन बसली. बा तिच्या मागोमाग गेला. जाताना म्हणाला, "तू पाहून ये. तुह्यासाठीच तं आलो."

वर्षा आत गेली. धुमसत गेली. मूर्ती, तलवारी, नाणी, काहीच नजरेत शिरेना. एवढ्या लांब येऊन बसली बाहेर! एक दिवस ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या दालनात तिचे पाय थांबले.

काचेच्या कपाटात एक बाई उभी होती. प्लास्टरची. कमरेला घेरदार फेटिया, अंगात आरशांची कांचळी. दोन्ही कानशिलांवर चांदीच्या टोपल्या. डावीकडची तर उलटी लावली होती. तिच्यावर छान पिवळा दिवा सोडला होता, वरून गार हवा. पायापाशी पाटी होती : हात लावू नये. एक माणूस काचेला टेकला, तसा पहारेकरी लांबूनच ओरडला, "पीछे हटिए! दूर से देखिए!"

वर्षाचे कान तापले. बाहेर जिवंत बाईच्या केसांतून ओढून काढायला निघाले होते, आणि इथं काचेलासुद्धा टेकायचं नाही? त्या मंगळसूत्रवालीला का नाही सांगितलं ट्रेमध्ये ठेव म्हणून? पण तेवढ्यानं भागेना. मॅडम तर परकी होती. आपण कोण होतो? दिवसभराचा राग भलत्याच माणसावर काढला होता आपण.

फोन वाजला. निकिताचा मेसेज : नेसली का साडी?

वर्षानं फोन पिशवीत कोंबला आणि पळत सुटली.

रामीबाई कठड्यावर घरची भाकर मोडून बाच्या हातात देत होती.

"उठा दोघंबी," वर्षाला धाप लागली होती. "आपण परत रांगेत लागून राह्यलो. याडी, तू माह्या पुढं चाल. टोपली डोक्यातच राहीन. त्या मॅडमशी मी बोलीन."

बाचा घास हातातच राहिला. "अन् नाहीच सोडलं तं?"

"आत काचेत एक प्लास्टरची बाई उभी हाय, बा. पहिले तिची टोपली उतरवा म्हणीन! तिले तं नवराबी नाही, तरी तिले कोणी हात लावू देत नाही."